पहिले बाळंतपण पुण्याच्या घरी: होणाऱ्या बाबाची तयारी

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, ही रीत आमच्या दोन्ही घरांत आजवर कोणी मोडलेली नव्हती. या रीतीत बाळाच्या वडिलांवर फारसे काही येत नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की पत्नीला माहेरी पोहोचवायचे, निरोप आला की पेढे घेऊन धावायचे आणि तीन-चार महिन्यांनी मायलेकरांना घरी आणायचे. आमच्या बाबतीत मिरजेला सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाली होती आणि पत्नीचा रक्तगट ओ निगेटिव्ह असल्यामुळे मध्येच डॉक्टर बदलणे तिला नको होते. म्हणून प्रसूती पुण्यातल्याच रुग्णालयात आणि पुढचे बाळंतपण कर्वेनगरमधल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या घरी करायचे ठरले. डॉक्टरांनी ४ ऑगस्ट २०२५ ही तारीख दिली होती. त्या काळात जी तयारी केली, जे कागद गोळा केले आणि ज्या रांगांत उभा राहिलो, ते इथे क्रमाने लिहीत आहे. खरेदीच्या याद्या कुठेही मिळतात. आमच्या उपयोगी पडली ती वेळेआधी विचारून ठेवलेली उत्तरे.

पहिला प्रश्न पैशांचा होता. स्वतंत्रपणे घेतलेल्या आरोग्य विम्यात प्रसूतीखर्चासाठी बहुधा मोठा प्रतीक्षाकाळ असतो, त्यामुळे दिवस गेल्यानंतर पॉलिसी काढून काही साधत नाही. माझ्या कार्यालयाच्या सामूहिक विम्यात प्रसूतीचा समावेश होता. तरी जानेवारीत मनुष्यबळ विभागाला ईमेल करून काही गोष्टी लेखी विचारून घेतल्या: नैसर्गिक प्रसूतीची मर्यादा किती, सिझेरियनची किती, खोलीभाड्यावर बंधन आहे का, बाळाच्या उपचारांचा खर्च पहिल्या दिवसापासून धरला जातो का, आणि बाळाचे नाव किती दिवसांत जोडावे लागते. उत्तर आले की नैसर्गिक प्रसूतीला ५०,००० आणि सिझेरियनला ७५,००० रुपये मिळतील, बाळाचा सुरुवातीचा खर्च त्याच मर्यादेत धरला जाईल आणि नाव ३० दिवसांच्या आत कळवावे लागेल. रुग्णालयाने दिलेला अंदाज नैसर्गिकसाठी सत्तर-ऐंशी हजारांचा आणि सिझेरियनसाठी सव्वा लाखाच्या पुढचा होता. मधली तफावत भरून काढण्यासाठी आम्ही फेब्रुवारीपासून दरमहा रक्कम बाजूला ठेवू लागलो. ज्यांना हा खर्च झेपणारा नाही त्यांनी हे लक्षात ठेवावे की जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या आणि घरी जाण्याचे वाहन हे सारे विनामूल्य आहे. पात्र कुटुंबांना प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपयेही मिळतात; त्याची चौकशी अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे करता येते.

रजेचा हिशेब त्याहून अवघड निघाला. पत्नी खासगी कंपनीत आहे. २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि त्यांपैकी प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. तिने प्रसूतीपूर्वीचे तीनच आठवडे घेतले, म्हणजे पुढचे अधिक उरले. वडिलांसाठी असा कायदा खासगी क्षेत्रात नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा असते. आमच्या कंपनीत पाच दिवस. मी एप्रिलपासून अर्जित रजेचा एक दिवसही खर्च केला नाही आणि व्यवस्थापकांना स्पष्ट सांगून ठेवले की जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून मी कोणत्याही क्षणी उठून जाईन. चुलतबहिणीच्या लग्नालाही मी अक्षता टाकून रात्रीच परतलो, त्याचा राग काकूंना अजून आहे.

रक्तगटाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण पुढे तीच आमच्या वाट्याला आली. आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर बाळ पॉझिटिव्ह असू शकते. अशा बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळले की आईचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. पहिल्या बाळाला त्याचा त्रास सहसा होत नाही, पुढच्याला होऊ शकतो. तो टाळण्यासाठी अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डी नावाचे इंजेक्शन देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाले तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा देतात. आमचे पहिले इंजेक्शन मेच्या मध्यावर झाले. किंमत अडीच हजारांच्या आसपास होती. हे औषध शीतपेटीत ठेवावे लागते आणि प्रत्येक औषधाच्या दुकानात नसते. म्हणून रुग्णालयाच्या औषधालयात ते रात्रीबेरात्री, रविवारी उपलब्ध असते का, हे मी त्याच दिवशी खिडकीवर विचारून घेतले. खिडकीवरच्या मुलाने तोंडी होकार न देता शीतकपाट उघडून खोके दाखवले, तेव्हा बरे वाटले.

घराची कामे पावसाळ्याआधी उरकायची होती. आमच्या झोपण्याच्या खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीला दरवर्षी ओल येते आणि जुलैत तिच्यावर बुरशी धरते. सोसायटीकडून बाहेरच्या बाजूचे काम एप्रिलमध्ये करून घेतले आणि आतला रंग मेच्या पहिल्या आठवड्यात संपवला, म्हणजे वास जायला दोन-अडीच महिने मिळाले. खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवल्या. पुण्यात पावसाळ्यात डेंगी हमखास असतो आणि नवजात बाळाच्या खोलीत कॉइल किंवा द्रव औषधाचे यंत्र लावू नका, असे बालरोगतज्ज्ञांनी आधीच बजावले होते. पलंगाची उंचीही पाहून घेतली. सिझेरियन झाले तर खाली गादीवरून उठणे आईला फार जड जाते.

आता कपड्यांविषयी. माझ्या आजीच्या सुती साड्या आईने ट्रंकेत ठेवल्या होत्या. वर्षानुवर्षे धुऊन मलमलीसारख्या झालेल्या त्या साड्यांची दुपटी करायची, हे आईने परस्पर ठरवूनही टाकले होते. जूनमधल्या एका रविवारी तिने जमिनीवर साडी अंथरली, हाताच्या वितीने माप घेतले, कडेला कात्रीची एक चीर दिली आणि पुढचे कापड सरळ फाडले. फाडलेले कापड धाग्याच्या रेषेत जाते, कापलेले वाकडे जाते, असे तिचे म्हणणे. कडा शिवून घ्याव्यात की तशाच ठेवाव्यात यावर घरात मतभेद होते. आईच्या मते शिवणीची कड बाळाला टोचते. बालरोगतज्ज्ञांना विचारले तेव्हा त्यांनी वेगळीच गोष्ट सांगितली: सुटलेला धागा किंवा आईचा लांब केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन बोट सुजते आणि बाळ का रडते ते कोणाला कळत नाही. त्यामुळे कडा बारीक दुमडून हाताने शिवल्या, आणि रडणाऱ्या बाळाची बोटे पाहण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

कोरड्या हवेत एका दिवसाला जितके लंगोट आणि दुपटी पुरतात त्याच्या दुप्पट पावसाळ्यात लागतात, कारण दोन दिवस काही वाळत नाही. आम्ही बाहेरच्या खोलीत पंख्याखाली दोऱ्या बांधल्या आणि अर्धवट वाळलेले कपडे इस्त्रीने कोरडे केले. इस्त्रीचा उबदार लंगोट हाताला कोरडा वाटतो, पण गार झाल्यावर पुन्हा दमट लागतो. म्हणून तो गार होऊ द्यावा, गालाला लावून पाहावा आणि मगच घडी घालावी. रात्रीसाठी आणि दवाखान्यासाठी डायपर ठेवले होते. त्यावरून आईशी वाद घालण्याचे मी टाळले आणि तिनेही फार ताणले नाही.

बाळ होण्याआधी त्याच्यासाठी काही घरात आणू नये, असे आमच्याकडे मानतात. पाळण्यावरून तो प्रश्न आला. माझ्या मावसभावाकडे सागवानी पाळणा होता आणि तो द्यायला तयार होता, पण रिकामा पाळणा घरात नको, असे आई म्हणाली. शेवटी तो खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या घरी आणून ठेवला. आईचे मन राखले गेले आणि माझे काम झाले. छतातील कडी मात्र मी तेव्हाच तपासून घेतली; पुनर्रंगकामात तिच्यावर चढलेला रंग खरवडला तेव्हा गंज दिसला, आणि ती बदलायला गवंड्याने ८०० रुपये घेतले. रात्री बाळाला पाळण्यात न ठेवता आमच्याच खोलीत सपाट, घट्ट गादीवर, उताणे आणि उशीशिवाय झोपवा, असा डॉक्टरांचा सल्ला होता. त्यामुळे सासूबाईंनी मिरजेहून पाठवलेली मोहरीची उशी कपाटातच राहिली.

जुलै उजाडल्यावर दवाखान्याची पिशवी भरली. तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग कागदांचा होता: सर्व सोनोग्राफी अहवाल तारखेच्या क्रमाने, रक्तगटाचे अहवाल, माता व बाल संरक्षण कार्ड, दोघांच्या आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती, विम्याचे कार्ड. बाकी समोरून उघडणारे गाऊन, मोठे पॅड, पायमोजे, शाल आणि बाळासाठी धुतलेली झबली, टोपडी व दुपटी एवढेच. मोबाइलचा लांब वायरीचा चार्जर जरूर ठेवावा, कारण रुग्णालयातले प्लगचे ठिकाण खाटेपासून दूरच असते. रस्त्याचाही विचार करून ठेवला. रुग्णालय नदीपलीकडे, पेठेच्या बाजूला होते आणि खडकवासल्यातून विसर्ग वाढला की नदीपात्रातला रस्ता बंद होतो. म्हणून राजाराम पूल आणि म्हात्रे पूल असे दोन मार्ग ठरवले. ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांनी १०८ आणि १०२ हे क्रमांक फोनमध्ये आधीच साठवून ठेवावेत.

२९ जुलैला नागपंचमी होती. रात्री साडेदहाच्या सुमारास पत्नीचे पाणी गेले. कळा नव्हत्या, त्यामुळे आई म्हणाली की सकाळी जाऊ. पण पाणी गेल्यावर कळांची वाट पाहायची नाही, लगेच यायचे, असे आम्हांला पूर्वीच सांगितलेले होते. पाण्याचा रंग कसा आहे तेही पाहायला सांगितले होते; हिरवट असेल तर बाळाने आतच शी केलेली असू शकते. पाणी स्वच्छ होते. अकरापर्यंत आम्ही रुग्णालयात होतो. भरतीच्या खिडकीवर २५,००० रुपये अनामत घेतली आणि विम्याचा पूर्वमंजुरीचा अर्ज तिथल्या विमा कक्षाने रात्रीच पाठवला.

रात्रभर कळा आल्या, पण सकाळपर्यंत प्रगती थांबली आणि कळ आली की बाळाचे ठोके खाली जाऊ लागले. डॉक्टरांनी सिझेरियनचा निर्णय सांगितला आणि परिचारिकेने संमतीपत्र माझ्या हातात दिले. त्यावर रक्तस्रावापासून भुलीच्या धोक्यापर्यंत सारे लिहिलेले असते. ते वाचताना माझे हात गार पडले होते हे कबूल करायला हरकत नाही. हा नमुना कोऱ्या स्वरूपात नवव्या महिन्यातच मागून घेऊन शांतपणे वाचावा, असे मी प्रत्येकाला सांगेन. त्या घटकेला वाचलेले काहीच डोक्यात शिरत नाही आणि सही मात्र करावीच लागते.

३० जुलैला सकाळी मुलगी झाली. वजन २ किलो ९०० ग्रॅम. जन्मल्याबरोबर व्हिटॅमिन के चे इंजेक्शन, आणि त्याच दिवशी बीसीजी, पोलिओचे थेंब व हिपॅटायटिस बी ची लस. ही शेवटची लस २४ तासांच्या आत द्यायची असते, म्हणून कार्डावर तिची नोंद आणि वेळ पाहून घ्यावी. पत्नीला अजून टाके घालत होते तेव्हा परिचारिकेने मला सदऱ्याची बटणे सोडायला सांगितली आणि बाळाला उघड्या छातीवर ठेवून वरून दुपटे पांघरले. तिचे डोके माझ्या हनुवटीखाली मावले. खोलीत आल्यावर तासाभरात पत्नीने तिला पाजले. दूध येत नाही असे वाटले तरी सुरुवातीचा दाट पिवळसर चीक थेंब-थेंबच असतो आणि तेवढाच पुरतो, हे मला ठाऊक होते. त्यामुळे भेटायला आलेल्या एका आजींनी काढलेली मधाची बाटली मी नम्रपणे परत त्यांच्या पिशवीत ठेवू शकलो. एक वर्षापर्यंत मध अजिबात द्यायचा नसतो, आणि पहिले सहा महिने पाणी किंवा घुटीही नाही.

बाळाचा रक्तगट बी पॉझिटिव्ह निघाला. दुसऱ्या दिवशी पत्नीला अँटी-डी दिले गेले. पण आईचा गट ओ आणि बाळाचा बी असला की नवजात कावीळ अधिक होण्याची शक्यता असते, असे बालरोगतज्ज्ञांनी सांगितले आणि १ ऑगस्टला दुपारी बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे रक्तातले पिवळे द्रव्य, १६ च्या पुढे आले. बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवले. अंगावर केवळ डायपर, डोळ्यांवर पांढरी पट्टी, आणि दर दोन तासांनी पाजण्यापुरते बाहेर काढायचे. ती पट्टी सारखी सरकायची आणि ती नीट करण्यासाठी मी रात्री खुर्ची ओढून तिथेच बसलो. निळ्या उजेडात तिच्या त्वचेचा रंग समजतच नव्हता, त्यामुळे कावीळ उतरते आहे की नाही हे बघून कळायला मार्ग नव्हता. रक्ताचा अहवाल येईपर्यंत थांबणे एवढेच हाती होते. ‘कोवळ्या उन्हात धरा, उतरेल,’ असा सल्ला फोनवरून अनेकांनी दिला. श्रावणातल्या पुण्यात ऊन कुठून आणणार हा भाग सोडला, तरी वाढलेल्या काविळीवर ऊन हा उपचार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. ३ ऑगस्टला सकाळी आकडा खाली आला आणि घरी जाण्याची परवानगी मिळाली.

तो रविवार होता. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाकडून अंतिम बिल आल्यावर विमा कंपनीने तीन तासांत मंजुरी द्यायची असते. यातली मेख अशी की ते तीन तास बिल विमा कंपनीकडे पोहोचल्यापासून मोजले जातात, डॉक्टरांनी ‘आज सोडतो’ म्हटल्यापासून नाही. आमचे बिलच साडेबाराला पाठवले गेले आणि मंजुरी तीननंतर आली. आदल्या संध्याकाळी बिलाच्या खिडकीवर जाऊन तात्पुरते बिल तयार करून ठेवायला सांगितले, तर यातला बराच वेळ वाचतो. एकूण बिल सुमारे १,३८,००० रुपये झाले, त्यात दिव्याखालच्या उपचारांचे पाच-सहा हजार होते. विम्याचे ७५,००० वजा जाऊन उरलेले आम्ही भरले. हातमोजे, डायपर, नोंदणीशुल्क अशा किरकोळ बाबी विम्यात धरत नाहीत, हे बहुतेकांना बिल पाहिल्यावरच कळते.

याच दरम्यान रुग्णालयातील लिपिकाने जन्मनोंदणीचा अर्ज दिला. रुग्णालयात जन्म झाला असेल तर महापालिकेला कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते आणि मुदत २१ दिवसांची. पण अर्जात आईवडिलांची नावे, पत्ता, शिक्षण हे सारे आपणच लिहून देतो, आणि तेथे जी अक्षरे पडतील तीच प्रमाणपत्रावर उतरतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून वाहनपरवान्यापर्यंत हाच दाखला जन्माचा पुरावा म्हणून चालतो, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डाशी अक्षर-अक्षर जुळवावे. बाळाचे नाव ठरलेले नसेल तर तो रकाना कोरा ठेवता येतो आणि एका वर्षाच्या आत नाव विनाशुल्क जोडता येते. आम्ही तो कोराच ठेवला आणि भरलेल्या अर्जाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

घरी येताना मित्राची गाडी आणि त्याच्याच मुलाचे मागे तोंड करून बसवायचे बालआसन होते. मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावल्यास १,००० रुपये दंडाची तरतूद आहे, तरी आपल्याकडे बाळ मांडीवरच येते. आसन बसवायला नवख्या माणसाला अर्धा तास सहज लागतो. मी ते आठवडाभर आधी बसवून पाहिले होते. जिन्यात शेजारच्या काकांनी प्रत्येक वळणावर प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती, त्यामुळे पत्नी बसत-थांबत वर आली. दारात आईने मायलेकींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले आणि मग आत घेतले.

पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. नवजात बाळ झोपेत भरभर श्वास घेते, मग काही सेकंद थांबते, पुन्हा सुरू करते. हे सामान्य असते असे सांगितलेले असूनही प्रत्येक थांब्याला मी उठून बसत होतो. घाबरावे कशाला, याची यादी मात्र मी कपाटाच्या दारावर चिकटवली होती: बाळ दूध ओढत नसेल, अंग १००.४ अंश फॅरेनहाइटपेक्षा गरम किंवा हाताला गार लागत असेल, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास असतील, आकडी आली किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर वेळ न पाहता दवाखाना. दूध पुरते की नाही हे ओल्या लंगोटांवरून कळते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा अधिक हवेत. सुरुवातीला बाळाचे वजन दहा टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि दोन आठवड्यांत भरून निघते. आमची मुलगी घरी आली तेव्हा २ किलो ७०० ग्रॅम होती आणि १३ ऑगस्टच्या तपासणीत जन्मवजनाच्या थोडी पुढे गेली. रात्री पाजून झाल्यावर ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि पुन्हा झोपवणे हे काम माझे होते.

मालीशवाल्या मावशी जूनमध्येच ठरवल्या होत्या. रोज सहाशे रुपये, आईची मालीश आणि बाळाची अंघोळ. पत्नीच्या टाक्यांमुळे तिची मालीश डॉक्टरांच्या परवानगीपर्यंत लांबणीवर पडली आणि बाळाची नाळ पडेपर्यंत केवळ ओल्या कापडाने पुसायचे ठरले. मावशी आल्या त्या दिवशी मी त्यांना चहा दिला आणि समोर बसून सांगितले की नाकाकानात तेल नको, छाती पिळायची नाही, डाळीचे पीठ चोळायचे नाही, नाळेला काही लावायचे नाही आणि धुरीही नको.

‘मग मला बोलावलंत कशाला, दादा?’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्या बिल्डिंगीतली निम्मी पोरं मी न्हाऊ घातलीत.’

‘म्हणूनच बोलावलं, मावशी. बाळ धरायचं कसं ते मला शिकवा.’

त्या हसल्या आणि त्यांनी खरोखरच शिकवले. पाय पसरून बसायचे, बाळाला नडगीवर पालथे घ्यायचे, मानेखाली अंगठा आणि तर्जनीचा विळखा कसा ठेवायचा, हे सारे माझ्याकडून करवून घेतले. धुरीचा विषय आईने दोनदा काढला. तिसऱ्यांदा मावशीच म्हणाल्या की हल्ली डॉक्टर नाही म्हणतात, राहू द्या. बाहेरच्या माणसाने सांगितलेले घरात लवकर पटते.

याच दिवसांत पत्नीला अकारण रडू यायचे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात असे होणे सामान्य आहे आणि बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढे टिकले तर डॉक्टरांना सांगावे, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी हे सारे आई करत होती. मला पत्नीसाठी सलग तीन तासांची झोप मिळवून द्यायची होती, आणि तिचा सर्वांत मोठा शत्रू दाराची घंटा होती. म्हणून मी घंटेची वायरच काढली आणि नातेवाइकांच्या समूहावर लिहिले की सर्वांनी १० तारखेला बारशाला यावे, तोवर फोनवरच बोलू, आणि सर्दी-खोकला असलेल्यांनी बारशालाही व्हिडिओवरून यावे. दोन जण नाराज झाले. बारसे घरच्या पंचवीस माणसांत झाले, आणि काकूंच्या घरचा पाळणा त्या सकाळी वर आला.

नाव ठेवल्यावर कागदांची पुढची फेरी झाली. विम्यात बाळाचे नाव जोडायला आम्ही जन्मदाखल्याची वाट पाहिली नाही. कार्यालयाने रुग्णालयाचे सुटीपत्र चालवून घेतले, त्यामुळे ३० दिवसांची मुदत सांभाळली गेली. दाखला ऑगस्टच्या अखेरीस नागरी सुविधा केंद्रातून मिळाला. नाव जोडण्यासाठी दोघांच्या सह्यांचा अर्ज, आधारच्या प्रती आणि मूळ दाखला दिला, आणि गणपती झाल्यावर, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवा दाखला हाती आला. जादा प्रती त्याच वेळी घ्याव्यात. शुल्क किरकोळ असते आणि पुन्हा रांग लावावी लागत नाही. बाळाच्या आधारसाठी पाच वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत, केवळ छायाचित्र आणि आई किंवा वडिलांची बायोमेट्रिक पडताळणी लागते, नोंदणी विनामूल्य आहे. डोळे उघडे असलेले छायाचित्र मिळेपर्यंत आधार केंद्रातल्या कर्मचाऱ्याने दाखवलेला संयम वाखाणण्याजोगा होता.

१० सप्टेंबरला सहा आठवड्यांच्या लसी महापालिकेच्या दवाखान्यात विनामूल्य झाल्या: पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल, पोलिओचे थेंब आणि इंजेक्शन, शिवाय रोटाव्हायरस. लसीकरण ठरावीक वारी असते, ते आधी विचारून जावे. पेंटानंतर रात्री ताप येऊ शकतो, म्हणून वजनानुसार पॅरासिटामॉलचे थेंब किती द्यायचे ते परिचारिकेकडून कार्डाच्या मागे लिहून घेतले, आणि रात्री अकराला ते लागलेही. पुढची तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्या दिवसाची अर्धी रजा मी टाकून ठेवली आहे.